तिसरं खोकं

३ मार्च, सोमवार

अगं लेकी,

तुला एक आई आहे. विसरली असशील म्हणून आठवण करून देते. ठेंगणी, उजव्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा, तोंडात समोरचे दोन दात घरचे आणि बाकीचे पाहुणे. आठवली का? नसेल तर तुझ्या लेकीला विचार. गेले चार दिवस ती माझ्याकडे आहे आणि समोर बसून हे लिहितेय. तू तिला पाठवलंस, तिच्या बॅगेत माझ्या गुडघ्याचं तेल पाठवलंस, स्वतः यायचं तेवढं विसरलीस. असू दे. कामाच्या गडबडीत होतं असं. सत्तावीस वर्षं होतंय.

फोनवर आपलं जमत नाही. तू "हं" म्हणतेस, मी "हं" म्हणते, मग दोघी मिळून एकमेकींच्या गावच्या हवेची चौकशी करतो. कागदावर नुसतं "हं" लिहिलं तर पोस्टाचं तिकीट फुकट जातं, म्हणून माणूस काहीतरी बोलतं. तेव्हा आता पत्र.

आता ते पडण्याचं. शेजारणीने तुला जे सांगितलं त्यातलं निम्मं सोडून दे, तिला गोष्ट फुगवायची सवय आहे. मी पडले नाही. शिवणाच्या खोलीत जमिनीवर थोडे कागद होते, त्यावर पाय पडला आणि मी जरा घाईने खाली बसले.

(पडली. कपाटाच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं. तीन टाके. — नात)

ही मधेच काहीतरी जास्तीचं खरडतेय. हिला वाटतं, आजीला कळत नाही. अगं, मी बोलले किती आणि पेन चाललं किती, एवढा हिशोब मला येतो. लबाड आहे. कोणावर गेलीय ते विचारू नकोस.

तर ती खोली. तुला आठवतेच. मशीन, कापायचं मोठं टेबल, भिंतीभर खिळे आणि खिळ्यांवर टांगलेली माणसं. म्हणजे माणसांची कागदी मापं. एकदा माप घेतलं की मी जाड कागदावर पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर असं कापून ठेवते, पुन्हा टेप लावायला नको. वहीत नाव लिहिणं आपल्या हातात नाही, म्हणून ज्याच्या त्याच्या पाठीला त्याच्या पहिल्या कपड्याची चिंधी टाचते. निळी चौकडी म्हणजे औषधवाला. पिवळी फुलं म्हणजे शेजारीण, पण ती लग्नाआधीची शेजारीण. आताची वेगळ्या खिळ्यावर आहे, दोन खिळ्यांवर.

पण तुझ्या लेकीचं म्हणणं, खिळ्यांवरची माणसं राहू देत, जमिनीवर काय आहे? जमिनीवर बाकीचं सगळं आहे. तुझे बाबा होते तोवर रोज संध्याकाळी आलेला कागद वाचून "ठेव" नाहीतर "फेक" म्हणायचे. ते गेले आणि "फेक" म्हणणारं कोणी राहिलं नाही. वाचता येणाऱ्यालाच कागद फेकता येतो, बाई. मला कसं कळणार कुठला कागद सरकारचा आणि कुठला चपलांच्या सेलचा? चार वर्षांत दाराच्या फटीतून जे जे आत आलं, ते मी सगळं जपलं.

पोरीला घरातूनच कॉम्प्युटरवर काम करायचं असतं, त्याला टेबल हवं, आणि टेबल एकच, माझं. तेव्हा उद्यापासून ती खोली आवरणार आहे. खोलीला "ऑफिस" म्हणते. ऐकायला बरं वाटलं. सत्तर वर्षांची होऊन मी ऑफिसला जाणार.

तू येतेस तेव्हा पाहुण्यासारखी येतेस. पर्स मांडीवरून खाली ठेवत नाहीस. का, ते आपल्या दोघींना माहीत आहे, म्हणून ते लिहून कागद वाढवत नाही.

तुझी आई

९ मार्च, रविवार

लेकी,

तुझं उत्तर आलं. कार्डावर दोन ओळी. "तिला त्रास देऊ नकोस. डोक्याला जपून." डोक्याचं तुला कोणी सांगितलं? मी तर सांगितलं नव्हतं. असो, माझ्या ऑफिसातून बातम्या फुटतात एवढं कळलं.

ऑफिसचे नियम सांगते. हिने तीन खोकी मांडली. एक "ठेवायचं", एक "टाकायचं", आणि तिसरं "माहीत नाही". पहिली दोन मोठी, तिसरं चपलांच्या खोक्याएवढं. "आजी, 'माहीत नाही' एवढंच असायला पाहिजे. भरलं की त्यातलं काहीतरी काढून निर्णय घ्यायचा." एवढ्या तेवढ्या पोरीने हे शिकवावं! माझं निम्मं आयुष्य त्या तिसऱ्या खोक्यात मावलं नसतं.

शिवाय एक कागद एकदाच हातात घ्यायचा. घेतला की खोक्यात. पुन्हा खाली ठेवायचा नाही, मांडीवर ठेवायचा नाही, "नंतर बघू" म्हणायचं नाही. मी तीनदा "नंतर बघू" म्हटलं तर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मला लहानपणची तू आठवलीस. हातात लाकडी पट्टी, बापाला सांगतेयस, "बाबा, खुर्ची भिंतीला समांतर नाहीये."

काय काय निघालं म्हणून सांगू! कपाटात वरच्या कप्प्यात, तुझ्या बाबांच्या चष्म्याशेजारी, मी एक कागद रेशमी कापडात गुंडाळून ठेवला होता. सोनेरी किनार, टायमधल्या माणसाचा फोटो, खाली सही. मला वाटलं, घराचा काहीतरी मोठा दाखला असणार. वर्षातून दोनदा मी त्याला ऊन दाखवायची. पोरीने वाचला आणि विचारलं, "आजी, हा कोण आहे माहीत आहे का?"

"साहेब असेल कोणीतरी."

"दातांचा डॉक्टर आहे. दोन दात काढले तर तिसरा फुकट."

मग माझा दुसरा नियम. गोल शिक्का असेल तर कागद महत्त्वाचा, हे मला तुझ्या बाबांनीच शिकवलं होतं. लाल गोल शिक्क्याचे सतरा कागद मी एका पिशवीत घालून ती पिशवी गादीखाली ठेवली होती. सगळे पिझ्झाच्या दुकानाचे. पोरगी हसता हसता जमिनीवर बसली. म्हटलं, बघ, याला म्हणतात बसणं. पडणं वेगळं. फरक नीट शिकून घे आणि तुझ्या आईला कळव.

(कळवलं. — नात)

पण सगळंच हसण्यासारखं नाही हं. बाबांच्या औषधांच्या चिठ्ठ्या निघाल्या, नऊ. पोरगी म्हणाली, "या टाकायच्या ना?" मी एक कागद एकदाच हातात घ्यायचा नियम मोडला. एक ठेवली, आठ टाकल्या. कुठली ठेवायची हे मी ज्या चिठ्ठीवर त्यांच्या चहाच्या कपाचा गोल डाग होता त्यावरून ठरवलं. शिक्काच तो, म्हण हवं तर.

जमीन दिसायला लागलीय. खाली हिरवी फरशी आहे! मी तर लाल समजत होते.

आई

१७ मार्च, सोमवार

लेकी,

बस आता पाणीबिणी पिऊन, आणि मग वाच. तुझ्या लेकीने माझ्या गावाचे हात तोडले.

झालं असं. जमीन संपली, तशी ती भिंतीकडे वळली. मी दुपारी डोळा लावला होता. उठले तर खिळे रिकामे आणि कपाटात पाच फायली उभ्या, रंगीत, सुरेख. पोरगी हात पुसत म्हणते, "आजी, बघ. एका जातीचे कागद एका ठिकाणी. ही पाठींची फाइल, ही पुढच्या भागांची, ही कॉलरची, ही बाह्यांची, ही खिशांची."

मी म्हटलं, "आणि माणसं कुठे गेली?"

"कुठली माणसं?"

अगं, चौसष्ट माणसं! सगळ्यांच्या बाह्या एका गठ्ठ्यात, सगळ्यांच्या माना दुसऱ्यात. चिंधी फक्त पाठीला टाचलेली असते ना, म्हणजे पाठी तेवढ्या ओळखीच्या उरल्या, बाकी सगळं बेवारस. ऑफिसात हे चालत असेल. आमच्या धंद्यात याला कापाकापी म्हणतात. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी रागवायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात कवायतीचे मास्तर दारात. शर्ट शिवायला टाकायला आले होते.

मास्तर तुला आठवतात? शिडशिडीत, छडीसारखे सरळ, तुला शाळेत उभं करायचे ते. आता निवृत्त आहेत, पण अजून चालतात ते शिट्टी वाजल्यासारखे.

"या मास्तर," मी म्हटलं, "तुमची पाठ सापडलीय, हात हरवलेत. उभे राहा जरा."

मास्तरांना टेबलाजवळ उभं केलं आणि कागदी बाह्या लावून बघायला लागलो. पहिल्या बाहीतून त्यांची बोटंसुद्धा बाहेर आली नाहीत. ती धिप्पाड बेकरीवाल्याची असणार. दुसरी कोपरातच संपली.

"हात वर, मास्तर."

"अहो बाई, चाळीस वर्षं मी पोरांना हात वर करायला लावलं."

"त्याचंच हे चाललंय. दुसराही वर."

अकरा बाह्या झाल्या तेव्हा मास्तर म्हणाले, "टेप नाही का तुमच्याकडे?" आता बघ, टेप माझ्या गळ्यातच होती. पण एवढी करमणूक सोडून कोण टेप घेईल?

शेवटी मी पोरीला शिकवलं. बाहीचा वरचा भाग असतो ना, टेकडीसारखा, त्याचं वळण खांद्याच्या वळणाला बसलं पाहिजे. प्रत्येक माणसाचं वळण वेगळं. कोणाची टेकडी उंच, कोणाची पसरट, बेकरीवाल्याची तर टेकडी नाहीच, पठार आहे. डोळ्याने बघायचं, मग कागद कागदावर ठेवून बोट फिरवायचं. बोट अडखळलं नाही की समजायचं, हे एकाच माणसाचं आहे. चार दिवस आम्ही दोघी जमिनीवर बसून चौसष्ट माणसं पुन्हा जोडली. पहिल्या दिवशी तिला तीन जमली, चौथ्या दिवशी माझ्याआधी तिचं बोट थांबायचं. हात चांगला आहे पोरीचा. डोळा त्याहून. कोणाचा आहे, ते मी सांगायला नको.

आता तडजोड अशी. प्रत्येक माणसाची एक फाइल. बाहेर चिंधी, माझ्यासाठी. चिंधीखाली नाव, तिच्यासाठी. दोघींनाही सापडतं. भांडण मिटलं.

एक गोष्ट राहिली. कपाटामागे काळ्या दोऱ्याने बांधलेली एक गठडी आहे. तिला चिंधी नाही. मी म्हटलं, ती राहू दे तिथेच, ती ऑफिसची नाही.

(काय आहे त्यात विचारलं तर आजीने चहा मागितला. पुन्हा विचारलं तर पुन्हा चहा. — नात)

आई

१९ मार्च, बुधवार

लेकी,

अक्षर वेगळं दिसेल. दचकू नकोस, मी जिवंत आहे. हे कोपऱ्यावरचा औषधवाला लिहितोय, त्याच्या दुकानात, काउंटरच्या या बाजूला स्टुलावर मी बसलेय. तुझी लेक लिहायला तयार नाही.

तिने गठडी सोडली. मी झोपले होते, पण मी रागवू शकत नाही, कारण मी झोपले नव्हते. डोळे मिटून पडले होते. दोरा तुटल्याचा आवाज मला आला.

(आजी, जरा थांबा. खोकल्याचं देतो यांना.)

हे मधलं लिहू नकोस रे. लिहिलंस? बरं, पुढे.

मग बराच वेळ कागद सरकवल्याचा आवाज येत राहिला, म्हणून मी उठून गेले. पोरीने ते सगळे तुकडे हिरव्या फरशीवर मांडले होते. बाही पाठीला नव्हती लावलेली, बाही बाहीला लावली होती, पाठ कॉलरला. मी शिकवलं तसं वळणाला वळण. आणि मधे तुझं घर उभं होतं. तीन मजले, जिना, खिडक्या, सगळं. सात मोठे कागद, घराच्या नकाशाचे. तू तीन वर्षं शिकून काढलेले, त्यांच्यावर तुझी परीक्षा होती. मी त्यांच्यातून शाळेचे चाळीस शर्ट कापायला मापं काढली होती.

पोरीने विचारलं, "आजी, हे आईचं?"

मी म्हटलं, जे मी तुला तेव्हा सांगितलं, तुझ्या बाबांना सांगितलं, आल्यागेल्याला सांगितलं. "मला काय कळतंय? अडाणी बाई. मला वाटलं, रद्दी."

ती हळूच म्हणाली, "आजी, तू बेकरीवाल्याचा खांदा नुसत्या डोळ्याने ओळखतेस. जिना ओळखला नाहीस?"

मग म्हणाली, "हे पत्र मी नाही लिहिणार. माझ्या हाताने लिहिलं तर आईला वाटेल मी तुझ्या बाजूने बोलतेय. हे तुझं तू सांग." म्हणून मी इथे.

तर लिही रे. मी जिना ओळखला होता.

लेकी, अक्षर वाचायला शिकावं लागतं, घराचं चित्र वाचायला नाही. त्या दिवशी तू सकाळी सांगून गेली होतीस की कागद दाखल केले की शहरात नोकरी पक्की, आणि मग इकडे सुट्टीपुरतं. शाळेचं काम अंगावर होतं, जाड कागद संपला होता, हे खोटं नाही. पण कपाटावरून तुझी गुंडाळी मी उतरवली ती कागद संपला म्हणून नाही. मला बघायचं होतं, तू कुठल्या घरात जाणार आहेस. मी तिन्ही मजले बोटाने फिरले. जिन्याने वर गेले, खाली आले. त्या घरात सगळं होतं. मशीन ठेवायला जागा नव्हती.

(आजी, पाणी घ्या. — काउंटरवरून)

पहिला कागद मी कडेने कापला, जिथे काही काढलेलं नव्हतं. दुसरा मधून कापला.

संध्याकाळी तू आलीस तेव्हा "रद्दी" हा शब्द तयार होता. तू माझ्याकडे बघितलंस आणि काही बोलली नाहीस, आणि मला वाटलं, पटलं हिला. नंतर कळलं, तुला पटलं नव्हतं. तू वर्ष बुडवून पुन्हा शिकलीस, चांगली मोठी झालीस, घरं काढलीस. माझा शब्द मात्र तसाच राहिला, न फेकता.

रांगेत ताप आलेल्या मुलीची आई उभी आहे. ती म्हणतेय, "आजी, माफी मागून टाका ना, माझं सिरप खोळंबलंय." बघ, लोकांना किती घाई असते. मी मागतेय. मागितली. चुकलं माझं. जाणूनबुजून चुकलं.

आता ती गठडी. ठेवायची की टाकायची, ते तुझं तू सांग. माझा त्यावर हक्क नाही. तोवर ती तिसऱ्या खोक्यात आहे.

आई

(आजींनी सांगितलं तसं शब्दशः लिहिलं आहे. रांगेतल्या बाकीच्यांनी घातलेली भर गाळली आहे. — औषधवाला)

२ एप्रिल, बुधवार

लेकी,

पोरगी पुन्हा लिहायला बसली. औषधवाल्याचं पत्र तिला मी वाचून दाखवायला लावलं, पोस्टात टाकायच्या आधी. तिने वाचलं, घडी केली, तिकीट लावलं आणि मला म्हणाली, "आजी, आज चहा मी करते."

तुझं उत्तर नाही. नसेना. मला काही घाई नाही. दारात बसते कारण तिथे उजेड चांगला आहे.

(अकरा ते एक, पोस्टमन जाईपर्यंत उजेड फारच चांगला असतो. — नात)

पोस्टमन रोज लांबूनच हात हलवतो. काल तो एक कागद घेऊन आला तेव्हा मी उठले, तर पिझ्झावाल्याचा. मी तो घेतला, एकदाच हातात, आणि सरळ "टाकायचं" मध्ये. कोणाला न विचारता. लाल गोल मला आता चांगला ओळखू येतो.

ऑफिस उत्तम चाललंय. सकाळी टेबल तिचं, दुपारी माझं. कॉम्प्युटरवर तिचे साहेब दिसतात. परवा ती बोलत असताना मी मागून मास्तरांचा शर्ट घेऊन गेले, तर साहेबांनी विचारलं, मागच्या बाई कोण? ही म्हणाली, "ऑफिसच्या मालकीणबाई." साहेबांनी नमस्कार केला. मीही केला. कॉलर वाकडी होती त्यांची, पण मी बोलले नाही.

तू बरी आहेस ना? नुसतं "हं" लिहिलंस तरी चालेल. तिकीट फुकट गेलं तरी चालेल.

आई

११ एप्रिल, शुक्रवार

अगं माझ्या बाई,

काल लांब पुठ्ठ्याची नळी आली. पोस्टमनने हातात दिली आणि तिथेच उभा राहिला, जाईना. आतून कागद निघाला, मोठा, जाड, पांढराशुभ्र. पोरगी कामात होती, कानाला ते यंत्र लावून. मी म्हटलं, तिची वाट कशाला बघू, निदान बघून तरी घेते.

लेकी, त्यावर एक अक्षर नव्हतं. सगळं चित्र. आणि मी बघितलं तर ती माझी खोली! वरून बघितल्यासारखी. हा दरवाजा, हे कपाट, ही हिरवी फरशी. हिरवी तुझ्या बरी लक्षात राहिली, मीच विसरले होते. टेबल तू भिंतीपासून काढून मधे घेतलंस, दोन्ही बाजूंनी बसता येईल असं. कपाटावर बारीक बारीक चिंध्या काढल्यास, चौकडीची, फुलांची, पट्ट्यांची. एकूण एक मोजल्या, चौसष्ट. आणि मशीन खिडकीखाली. डाव्या हाताला उजेड येईल असं, जसं असायला पाहिजे तसं. मी चाळीस वर्षं सावलीत शिवत बसले आणि मला सुचलं नव्हतं.

मग बोट फिरवत फिरवत दाराशी आले. दाराबाहेर, उंबरठ्याच्या पलीकडे, एक टोपली काढली आहेस. टोपलीत एक गठडी. काळ्या दोऱ्याची. दोरा तू एवढा ठळक काढलास, की मला चष्मासुद्धा लागला नाही.

मी पोस्टमनला म्हटलं, "टाकायचं म्हणतेय."

तो म्हणाला, "काय आजी?"

"काही नाही. माझं पत्र आहे. मी वाचलं."

पोरगी बाहेर आली तेव्हा मी तिला सगळं वाचून दाखवलं. ती मधे एकदासुद्धा बोलली नाही, आणि ते तिला किती जड गेलं असेल ते तुला माहीतच आहे.

आज सकाळी रद्दीवाल्याला बोलावलं. चार वर्षांचा कागद, पाच पोती. शेवटी मी गठडी आणून दिली. त्याने हातात तोलून पाहिली. "आजी, एवढ्याशा कागदाचं काय येणार? राहू द्या घरातच."

म्हटलं, "तू ने बाबा. राहू द्यायचं ते खूप झालं."

तो घेऊन गेला. मी दारात उभी होते. वाटलं होतं, रडू येईल. नाही आलं. भूक लागली.

तुझा कागद भिंतीवर लावलाय, चार कोपऱ्यांना चार टाचण्या. मास्तर, बेकरीवाला आणि औषधवाला येऊन बघून गेले. मास्तर म्हणाले, सगळं शंभर टक्के सरळ आहे, फक्त एक चूक आहे. टेबलाला खुर्च्या तीन कशा? ऑफिसात माणसं तर दोन.

मी त्यांना म्हटलं, मास्तर, तुम्ही कवायत शिकवा. चित्र वाचणं माझं काम.

पोरगी सांगतेय, तुला सुट्टी अठरा तारखेपासून आहे. मशीन आम्ही सरकवून ठेवतो, कपाट एकट्यादुकट्याचं काम नाही, ते तू आल्यावर. तिसरी खुर्ची बेकरीवाल्याकडून आणलीय. मजबूत आहे, त्याच्यासाठीच केलेली.

आणि ऐक. यायच्या आधी पार्सलने खाऊ पाठव, दोन दिवस आधी पोचेल असा. तुझ्या लेकीला सुके अंजीर, तिला आवडतात आणि ती मागणार नाही. मला मऊ केक, तूप किंवा लोणी भरपूर असलेला, वर साखर. बिनबियांची द्राक्षं मिळाली तर तीही, पण हिरवी. दरवेळी तू ती तब्येतीची बिस्किटं पाठवतेस ना, भुशाची, ती यावेळी नकोत. पुठ्ठा आम्ही सगळा आजच घराबाहेर काढलाय.

आई